पाच घरांचा जोगवा

आश्विन शुद्ध प्रतिपदा उजाडली की पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांची मने माहूरगडाकडे धाव घेऊ लागतात. घराघरांत काळ्या मातीवर घट बसतो, त्यात पेरलेले धान्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुरते आणि अखंड दीपाच्या मंद प्रकाशात आदिमायेचा जागर सुरू होतो. ढाणकी हे आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेलगत, उमरखेड तालुक्यात वसलेले. पैनगंगा उतरली की मराठवाडा लागतो. जिल्हे निराळे, विभाग निराळे. पण रेणुकामातेचे ठाणे दोन्ही तीरांना सारखेच जवळचे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक आपल्या इतके निकट असावे, याचा या भागातील माणसाला मनोमन अभिमान असतो.

त्याच माहूरगडावर श्रीदत्तात्रेयांचेही स्थान आहे. स्नान काशीला, भिक्षा करवीरला आणि निद्रा माहूरला, अशी त्यांची दिनचर्या भाविक सांगतात. लहानपणी ही कथा ऐकताना आमचे सारे कुतूहल निद्रेभोवती घोटाळत असे. देव झोपायला आपल्याकडे येतो, याचेच अप्रूप मोठे! प्रौढपणी मात्र त्यातील भिक्षेने आम्हांस गाठले. त्रैलोक्याच्या स्वामीला रोज दारोदार जाण्याची गरज काय? हा प्रश्न आम्हांला कोणत्याही प्रवचनात पडला नाही. तो पडला पावतीपुस्तक हाती घेऊन गावात हिंडताना. ती हकीकत सणाच्या या पानावर सांगण्यास संकोच वाटतो खरा. परंतु नवरात्राशी तिचा संबंध इतका निकटचा आहे, की वाचक आम्हांस क्षमा करतील.

आसपासच्या खेड्यांतून मुलेमुली ढाणकीला शिकायला येतात. शाळा सुटते एका वेळी आणि गावाकडे जाणारी एस.टी. येते दुसऱ्याच वेळी. मधले दीड-दोन तास ही मुले बसथांब्यावर काढतात. मुलग्यांचे एक वेळ निभते. मुलींच्या बाबतीत मात्र या दोन तासांची किंमत फार मोठी असते. गावातल्या कोणी बापाच्या कानावर काहीबाही घातले, की पोरीची शाळा दिवाळीनंतर बंद. नापास झाली म्हणून नव्हे, फी भरता आली नाही म्हणूनही नव्हे. केवळ दोन तास बसायला जागा नाही म्हणून! २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही चौघांनी ठरविले, की थांब्याजवळ एक खोली भाड्याने घ्यावी, तीत सतरंज्या, दिवे, पाण्याचा माठ आणि चार पुस्तके ठेवावीत आणि ते दोन तास या मुलांच्या नावे करावेत. बेत साधा होता. अडचण एकच होती. आमच्यापैकी कोणाच्याही मागे ना घराणे होते, ना पक्ष, ना कारखाना. ज्याला फोन लावला असता धनादेश निघेल, असा एकही मनुष्य आमच्या ओळखीचा नव्हता.

असे असता माणूस जे करतो तेच आम्ही केले. म्हणजे ओळखी नसलेल्यांना पत्रे लिहिली. प्रथम संस्थेच्या नावाचा कागद छापून घेतला, शिक्का करविला. पुण्या-मुंबईच्या आणि नागपूरच्या नामवंतांचे पत्ते जमवून साठ पत्रे टाकली. उत्तरे दोन आली. एकात शुभेच्छा होत्या, दुसऱ्यात आमचे पत्र योग्य त्या विभागाकडे पाठविल्याचे कळविले होते. तो योग्य विभाग अद्याप आम्हांस सापडलेला नाही. मग एका प्रतिष्ठित गृहस्थांना आम्ही गावात बोलाविले. शाल, श्रीफळ, हार, मंडपाचा तुकडा, चहाफराळ असा सारा थाट केला. त्यांनी भर सभेत पंचवीस हजारांचा आकडा उच्चारला, टाळ्या झाल्या, आणि त्यानंतर ते पैसे मागायला आम्ही पाच वेळा गेलो. पाचव्या खेपेस त्यांच्या दारातल्या कुत्र्यालाही आमची ओळख पटली होती! पैसे मात्र आले नाहीत. सत्काराचा खर्च चौघांच्या खिशातून गेला तो गेलाच. त्या गृहस्थांचे नाव घेण्याचे कारण नाही. दोष आमचा होता. ज्याला त्या दोन तासांशी काहीही कर्तव्य नव्हते, त्याच्या दारी आम्ही गेलो होतो.

अशा निराश मनःस्थितीत त्या वर्षीचे नवरात्र बसले. शुक्रवारी सकाळी आमच्या दारात शेजारच्या आजी उभ्या. हातात परडी, कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ. जोगव्याला आल्या होत्या. आजींचे घर खाऊनपिऊन सुखी. दोन मुलगे कमावते, घरची ओलिताची जमीन. आम्ही पीठ घातले आणि सहज विचारले, "आजी, तुमच्या घरी काय कमी आहे? मग हे मागणं कशाला?" आजी हसल्या. म्हणाल्या, "आपल्या घरचंच खाऊन देवीचा निवद होत नाही, बापा. पाच घरचं लागते. अन् पहिलं घर शेजारचंच लागते."

आजी पुढच्या दाराकडे गेल्या आणि आम्ही उंबऱ्यातच उभे राहिलो. साठ पत्रे आम्ही दूरच्या पत्त्यांवर टाकली होती. शेजारच्या घरी काही मागावे, हे आमच्या मनातही आले नव्हते.

जोगवा हा विधी नीट पाहिला पाहिजे. त्यात मागणारी स्त्री दरिद्री असावी लागत नाही. देणाऱ्याने मूठभरच द्यायचे असते. कोणी पोते आणून ओतले तर जोगवा मोडेल. घरे ठरलेली पाच. सहाव्याचा लोभ नाही. आणि मिळालेल्या पिठाचा नैवेद्य होऊन प्रसाद पुन्हा सर्वांना मिळतो. मागणे म्हणजे लाचारी, ही समजूत आपण शिकल्यासवरल्यावर कोठून तरी उचलली. आपल्या परंपरेने मागण्याला व्रताचे रूप दिले होते. माधुकरी मागून विद्या करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या, आणि त्यांना कोणी भिकारी म्हटले नाही.

येथे विजयादशमीचीच एक गोष्ट आठवते. १९१९ सालच्या दसऱ्याला, ४ ऑक्टोबर रोजी, सातारा जिल्ह्यातील काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. आज राज्यातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांत तिची गणना होते, त्यामुळे तिचा आरंभ किती रित्या हातांनी झाला हे विसरायला होते. भाऊरावांनी त्यापूर्वी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव हिंडून विकले होते. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्याशी बोलायचे कसे, हे ते तेव्हा शिकले. हीच त्यांची पुंजी. एका कारखान्याच्या उभारणीत त्यांनी जीव ओतला तो नफ्यातला वाटा शिक्षणाला मिळेल या आश्वासनावर; ते आश्वासन पाळले गेले नाही. मग त्यांनी धनिकाची वाट पाहणे सोडले. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह निघाले, त्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले आणि अखेर मंगळसूत्रही विकावे लागले, ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९३० साली ती माउली गेली. घरोघरच्या स्त्रियांनी रोजच्या धान्यातून एक मूठ मुलांसाठी बाजूला काढावी, ही मुष्टिधान्याची योजना त्याच काळातील. लक्ष्मीबाईंच्या त्यागाचे पोवाडे आपण गातो ते योग्यच आहे. परंतु संस्था टिकली ती त्यागाच्या जोडीला मूठ होती म्हणून, असे आमचे मत आहे. मंगळसूत्र एकदाच विकता येते. मूठ रोज निघते.

या मुठीचा अर्थशास्त्रीय हिशेब कोणी मांडला तर तो तुटपुंजाच भरेल. तिचे खरे मोल निराळे. रोज पहाटे दळायला बसताना जी बाई एक मूठ बाजूला टाकते, तिला रोज पहाटे त्या वसतिगृहाची आठवण होते. वर्षातून एकदा मोठी रक्कम देणारा वर्षातून एकदाच आठवण काढतो, आणि तीही बहुधा पावतीसाठी.

आम्हीही त्या नवरात्रात मुठीपासून प्रारंभ करायचे ठरविले, आणि लगेच फसलो. काळ बदलला आहे, याचे भान आम्हांस नव्हते. पूर्वी ज्वारी घरची असे, जाते घरचे असे. आता अनेक घरांत रेशनचा तांदूळ नि गहू येतो. तो आम्ही घेऊन विकणे योग्यही नव्हे आणि कायदेशीरही नव्हे. जी काही घरची ज्वारी जमली, तिला दोन महिन्यांत डब्यातच कीड लागली. ती विकायला नेली तेव्हा दुकानदाराने एक ओंजळ हातावर घेतली, फुंकर मारली आणि आमच्याकडे अशा दृष्टीने पाहिले, की आम्ही भावाची गोष्टच काढली नाही. कोंबड्यांना मात्र त्या वर्षी आमच्या संस्थेचा चांगलाच लाभ झाला. पुढे धान्याऐवजी महिन्याला वीस रुपये असे ठरविले. चौघांनी आपापल्या शेजारची पाच-पाच घरे घेतली. वीस घरे, चारशे रुपये. खोलीचे भाडेही त्यात सुटत नव्हते.

परंतु त्याआधी एक गोष्ट आम्ही केली होती, आणि तिची बुद्धी आम्हांस ज्यांच्यापासून झाली ते नाव विदर्भात तरी परिचय करून देण्याचे नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी एका परीट कुटुंबात जन्मले आणि १९०५ साली घर सोडून निघाले. डोक्यावर गाडगे, हातात खराटा, अंगावर चिंध्या. गाडगेबाबांइतका ओळखीपाळखीविना निघालेला मनुष्य दुसरा कोण असेल? ज्या गावात जायचे तेथे त्यांचे नावही कोणाला ठाऊक नसे. ते कोणाकडे वर्गणी मागायला जात नसत. ते रस्ता झाडायला लागत. गाव आधी वेडा म्हणून हसे, मग कुतूहलाने पाही. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन उभे राही. ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या निसरड्या काठावरून यात्रेकरू घसरून पडतात, हे पाहून त्यांनी एकट्यानेच माती टाकायला आरंभ केला आणि पाहता पाहता लोक हाताला हात लावू लागले, असे सांगतात. काठावर पुढे घाट झाला. १९१७ साली पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, पुढे नाशिक, आळंदी, देहू अशी धर्मशाळांची मालिकाच झाली. लक्षावधी रुपयांची ही कामे ज्याच्या शब्दावर झाली, त्याने स्वतःजवळ दिडकी ठेवली नाही. वास्तू विश्वस्तांच्या हाती, आपण पुन्हा रस्त्यावर. पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५६ च्या डिसेंबरात बाबांनी देह ठेवला.

बाबांच्या चरित्रातून लोक त्याग उचलतात. आम्हांस त्यातला क्रम महत्त्वाचा वाटला. आधी झाडणे, मग कीर्तन, मग मागणे. आम्ही नेमके उलटे चाललो होतो. आधी शिक्का, मग मागणे, आणि झाडणे पैसे आल्यावर! तेव्हा आम्ही खोलीच्या मालकाकडून दोन महिन्यांची उधारी मागून घेतली. ती देताना त्यांनी फार आढेवेढे घेतले, हेही सांगितले पाहिजे. खोली झाडली, घरातल्या जुन्या सतरंज्या अंथरल्या, दोन दिवे लावले. पहिल्या दिवशी तीन मुली आल्या, दाराशीच उभ्या राहिल्या आणि आत पुरुष मंडळी पाहून निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्यापैकी एकाची पत्नी विणकाम घेऊन तेथे बसू लागली. आठवड्यात अकरा मुली झाल्या. यानंतर आम्ही पुन्हा गावात फिरलो, तेव्हा आमच्याजवळ सांगायला योजना नव्हती. दाखवायला अकरा दप्तरे होती. हा फरक लहान नाही. अनोळखी माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? पण जळणारा दिवा पाहून त्याला तेल घालावेसे कोणालाही वाटते.

काही वेळा दिवा लागलेला असूनही तेल मिळत नाही. वरोऱ्याजवळच्या माळरानावर बाबा आमटे आणि साधनाताई १९५१ साली उतरले, तेव्हा सोबत सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये होते. जमीन पन्नास एकर, पण खडकाळ. ओळख नसणे एक वेळ परवडले. येथे तर समाजाला यांची ओळखच नको होती. विहिरी खणल्या, भाजी पिकविली. ती वरोऱ्याच्या बाजारात नेली तर रुग्णांच्या हातची म्हणून घ्यायला गिऱ्हाईक बिचके. पुढे परदेशांतून आलेल्या तरुण स्वयंसेवकांनी आनंदवनात राहून, तेथलेच अन्न खाऊन इमारती बांधल्या, तेव्हा कोठे भीतीची गाठ सैल होऊ लागली. आणि मग आनंदवनाने जे केले ते आम्हांस साऱ्या देणगीशास्त्राहून थोर वाटते. १९६४ साली तेथे आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. ज्या गावाने भाजी नाकारली, त्याच्या मुलांना ज्यांची भाजी नाकारली त्यांनी शिकण्याची सोय करून दिली! न देणाऱ्यालाच आधी काही देऊन टाकायचे, हा हिशेब व्यापारी मनाला उमगणे कठीण. पण त्यानंतर वरोरा आणि आनंदवन यांच्यात अंतर उरले नाही.

आमच्या खोलीचा पसारा या थोर कार्यांच्या पासंगालाही लागत नाही, याची जाणीव आहे. तरी भाडे भागले पाहिजे, ही अडचण थोरामोठ्यांची तीच आमची. वीस घरांची चाळीस घरे झाली, पण हप्ते अनियमित. श्रावणात तर काही घरी आमचे पाऊल पाहून दार अर्धेच उघडे. आम्ही मनात लोकांना नावे ठेवू लागलो. मग एका शेतकऱ्याने आमची कानउघाडणी केली. "मास्तर, खत-फवारणीच्या दिवसात कोणी मागाले येते का? खळ्यावर या." खरेच होते ते. बलुतेदारांचा वाटा पूर्वी खळ्यावर मोजला जाई, तो काही उगाच नव्हे. आमच्या भागात सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघते, कापूस त्यानंतर वेचणीगणिक घरात येतो आणि माणसाच्या हातात वर्षाचा पैसा तेव्हाच खेळतो. आषाढ-श्रावणात त्याच माणसाच्या डोक्यावर दुकानदाराची उधारी असते. नोकरदारांच्या घरी दरमहा जावे, शेतकऱ्याच्या घरी दसरा ते संक्रांत या काळातच जावे, असा नियम आम्ही केला. कोरडवाहू घरी तर पीक बुडालेल्या वर्षी जायचेच नाही. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या इतक्या आत्महत्या पाहिल्या, तेथे वर्गणीचा तगादा हा शब्दसुद्धा उच्चारू नये.

या तगाद्यावरून एक गोष्ट बोलून टाकतो. यवतमाळचा दुर्गोत्सव प्रसिद्ध आहे आणि गावोगावच्या मंडळांना प्रत्येक घराची इतकी नेमकी माहिती असते, की ओळखी नाहीत अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम मंडळाच्या पोरांशी स्नेह करावा. बचत गटाच्या बाया, भजनी मंडळ, दूध संकलन केंद्रावरची रांग ही सारी जाळी गावात आधीच विणलेली असतात. मात्र काही ठिकाणी वर्गणी मागितली जात नाही, वसूल केली जाते. रस्ता अडवून घेतलेल्या शंभर रुपयांतून मूर्ती उंच होते, पण त्या घराचे दार पुढच्या प्रत्येक सत्कार्याला बंद होते. आम्हांला अशी बंद दारे पुष्कळ भेटली. ती आम्ही लावलेली नव्हती.

चाळीस घरांनी भाडे सुटले, पुस्तके सुटेनात. येथे आम्हांस महर्षी कर्व्यांच्या तरुणपणचा मुरूड फंड आठवला. मुरूडचे जे लोक पोटासाठी गावाबाहेर पडले, त्यांनी आपल्या मिळकतीतला अल्पसा भाग गावासाठी काढून ठेवावा, अशी ती योजना होती. विधवांसाठी आश्रम काढण्याच्या कितीतरी आधीची. अण्णासाहेब मागायला शिकले ते तेथे, असे म्हणावयास हरकत नाही. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली, तेव्हा स्वतःचे साठविलेले हजार रुपये प्रथम घातले आणि मग सुट्ट्यांमध्ये गावोगाव हिंडले. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावरील झोपडीत गेला. पुढे १९२० साली महिला विद्यापीठाला ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळाली ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पायाखाली वीस-पंचवीस वर्षांची पायपीट होती हे तितकेसे ठाऊक नाही. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १९३६ साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी शाळा नसलेल्या खेड्यांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. तोवर त्यांच्या ओळखी देशभर होत्या. एका पत्राने काम भागले असते. तरी हा वृद्ध पुण्याच्या गल्ल्यांतून घरोघर लहान लहान रकमा मागत पायी हिंडला, आणि स्वतःच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून दरमहा वाटा देत राहिला. मोठ्या दात्यांच्या पाठबळाने संस्था चालते हे मान्य करूनही, तिचे मूळ लहान दारांतच असले पाहिजे, असे त्यांस वाटत असावे. दत्तगुरूंच्या भिक्षेचा अर्थ आम्हांस कोठे लागला असेल, तर तो या वृद्धाच्या पावलांशी.

मुरूडच्या धर्तीवर आम्ही ढाणकीहून पुणे, नांदेड, नागपूर, हैदराबाद येथे गेलेल्यांची नावे जुन्या वर्गमित्रांना विचारून काढली. व्हॉट्सअॅपमुळे हे काम सोपे झाले आहे. त्यांना आम्ही मदतीचे आवाहन पाठविले नाही. खोलीतल्या सतरंजीवर बसून गणिते सोडविणाऱ्या मुलींचे पाठमोरे छायाचित्र पाठविले आणि खाली त्या महिन्याचा जमाखर्च दिला. अनेकांनी विचारले, हा थांबा तोच ना, जिथे आपण उभे राहायचो? आमची पुस्तके त्या प्रश्नातून आली.

कायद्याचे दोन शब्द. नोंदणी झालेली नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करायचा, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. उत्सव मंडळे घेतात तीच. आम्ही हे उशिरा शिकलो. इतरांनी उशीर करू नये. स्थायी काम करायचे असेल तर रीतसर नोंदणी करून घ्यावी आणि दरवर्षी लेखापरीक्षण करावे. मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे मात्र नव्या संस्थेने आरंभीच डोळे लावू नयेत. त्यांच्या नियमांत तीन वर्षांच्या कामाचा अनुभव मागितला जातो. म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज, तिला तो दरवाजा पहिली तीन वर्षे बंदच! ती तीन वर्षे कोण सांभाळणार? शेजारची पाच घरे.

२०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद, एस.टी. बंद, अर्थात खोलीही बंद झाली. आम्ही घरोघर निरोप दिला, की काम थांबले आहे, तेव्हा पैसे देऊ नयेत. काही घरांनी ऐकले. काही घरांत वीस-वीस रुपये डब्यात पडत राहिले, आणि खोली उघडल्यावर ते डबे जसेच्या तसे आमच्या हाती आले. एका डब्यात हिशेबापेक्षा चाळीस रुपये जास्त निघाले. घरधनीण म्हणाली, पोरगा नोकरीला लागला.

हिशेब वाचण्याची आमची रीत पहिल्या वर्षीच पडली. कोजागरीच्या रात्री खोलीसमोरच्या अंगणात दूध आटते, आणि ज्यांनी वीस रुपये दिले त्या सर्वांसमोर वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. फळ्यावर तो खडूने लिहिलेलाही असतो. पहिल्या वर्षी वाचून होताच मागच्या ओळीतून जोगव्याच्या त्या आजी उठल्या. त्यांस वाचता येत नव्हते, पण ऐकलेला प्रत्येक आकडा त्यांच्या ध्यानात होता.

"सप्टेंबरात चहाचे पंच्याऐंशी रुपये लावले. चहा कोण पेला?"

पाहुणे आले होते, आम्ही सांगितले.

"पाहुणे कोणाचे? पोरींचे का तुमचे?"

अंगणात हशा पिकला. ती रक्कम आम्ही फळ्यावरून पुसली आणि खिशातून पंच्याऐंशी रुपये काढून पेटीत टाकले. आजींनी ते पडल्याचा आवाज ऐकून घेतला, कनवटीचे वीस रुपये सोडले आणि पुढल्या महिन्याचे म्हणून आमच्या हातावर ठेवले.